ओठ नसलेल्यांची भाषा: काल्पनिक जमातीसाठी भाषा कशी घडवायची

माझी पहिली भाषा मामांनी एका दुपारात उकलली. आठ महिने खपून मी चारशे शब्द बनवले होते. मामांचं उभं आयुष्य गुऱ्हाळावर गेलेलं, गुळव्या म्हणून. कादंबरी त्यांनी कधी हातात धरलेली नाही. पावसाची झड लागली होती, वीज गेलेली, म्हणून मी त्यांना माझ्या डोंगरी राक्षसांच्या भाषेतली चार वाक्यं अर्थासकट वाचून दाखवली. मग त्याच शब्दांची उलटापालट करून पाचवं वाक्य अर्थ न सांगता वाचलं. त्यांनी तंबाखू मळता मळता अर्थ सांगून टाकला. सहाव्याचाही. सातव्याचाही. आणि म्हणाले, "ही आपलीच की गं. नुसतं तोंडाला फडकं बांधलंस तिच्या."

खरं होतं ते. मी पाणी, डोंगर, तलवार यांना नवे शब्द दिले होते, पण वाक्य मराठीच होतं. क्रियापद शेवटी, 'ला' आणि 'नं' जिथल्या तिथं, लिंगं तीन, आदरार्थी अनेकवचनसुद्धा. राक्षस एकमेकांना अहोजाहो करत होते!

याला भाषा म्हणत नाहीत, सांकेतिक बोली म्हणतात. आपल्याकडे तिची जुनी परंपरा आहे. गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून व्यापारी आणि दलाल नंदभाषा बोलायचे. तिच्यात उधानू म्हणजे तीन, मुळू म्हणजे पाच, अंगुळू म्हणजे दहा. शब्द निराळे, व्याकरण मराठी. शाळेत आपण 'च'ची भाषा बोलायचो तीही याच जातीची: 'पाणी दे' म्हणजे 'चाणीप चेद'. (या भाषेत 'तू' कसा होतो हे कळल्यावर आमच्या वर्गात तिच्यावर बंदी आली.) गुपित राखायला अशी बोली उत्तम. पण वेगळं शरीर, वेगळं हवामान, वेगळी रीत असलेली जमात तुम्ही कथेत उभी करणार असाल, तर मराठीलाच फडकं बांधून चालत नाही.

पुढे सांगते आहे ती मी दुसऱ्या खेपेला वापरलेली पद्धत. उदाहरणाला माझीच जमात घेते. पन्हाळ्यापलीकडच्या मसाई पठारावर पावसाळ्यात उभं राहिलात तर आपलाच पुढे केलेला हात धूसर दिसतो. असं धुकं बारा महिने असतं तर तिथं कोण राहिलं असतं, या विचारातून ती सुचली. खालची माणसं त्यांना धुकटे म्हणतात.

आधी तोंड, मग शब्द

वही उघडून पहिला शब्द लिहू नका. आधी ठरवा, बोलणाऱ्याचं तोंड कसं आहे.

यासाठी लागणारा तक्ता मराठी माणसाला बालवाडीतच पाठ झालेला असतो. क-वर्ग कंठातून, च-वर्ग टाळूवरून, ट-वर्ग जीभ मागे वळवून, त-वर्ग दातांवर, प-वर्ग ओठांनी. आपली वर्णमाला म्हणजे घशापासून ओठापर्यंतचा नकाशा आहे. ए-बी-सी-डी शिकलेल्याला ही मांडणी नंतर मुद्दाम शिकावी लागते. आपल्याला फक्त ती खोडायची असते.

माझ्या धुकट्यांना ओठ नाहीत, जबड्याची कड कासवासारखी कठीण आहे. झालं, प-वर्ग गेला. प फ ब भ म, पाचही. व गेला. आणि बहुतेकजण विसरतात ती गोष्ट: उ आणि ओ म्हणताना ओठांचा गोल होतो, म्हणून तेही गेले. आरशासमोर उभं राहून, ओठ दातांमागे दुमडून 'मामा' म्हणून बघा. मग 'काका' म्हणा. कोणत्या नात्याला या जमातीत भाव येईल ते लगेच कळतं.

असली भाषा शक्य तरी आहे का, असं वाटेल. उत्तर अमेरिकेतल्या मोहॉक भाषेत, परक्या शब्दांपुरतं सोडलं तर, प, ब, म हे ध्वनी नाहीत, आणि ती बोलणाऱ्यांना ओठ तुमच्याआमच्यासारखेच आहेत. खरी भाषा कल्पनेच्या चार पावलं पुढे असते, हा अनुभव या कामात वारंवार येतो.

आता उरलेल्यातूनही कमीच घ्या. नवशिके सगळे ध्वनी घेतात आणि भाषा भेळेसारखी होते. हवाईयन भाषेचं आठ व्यंजनांवर भागतं. मी अकरा घेतली: क, ग, ङ, ट, ण, त, न, स, ह, र, ळ. स्वर चार: अ, आ, इ, ए. (इ ऱ्हस्व की दीर्घ याचा भेद नाही. लिहिताना मराठी वळणानं शेवटी दीर्घ काढते.) ङ शब्दाच्या सुरुवातीला येऊ दिला. 'गंगा' म्हणताना ग च्या आधी नाकात जो आवाज होतो, तोच सुटा काढायचा. मराठीत तो शब्दारंभी कधी येत नाही, म्हणून नुसता 'ङाळ' असा शब्द दिसला तरी वाचकाला कळतं की ही माणसं इथली नाहीत.

पुढे अक्षराचा साचा. माझा असा: सुरुवातीला एक व्यंजन किंवा काहीच नाही, मग स्वर, आणि शेवटी हवं तर ङ, ण, न, ळ यांपैकी एक. जोडाक्षराला बंदी. हिशेब करा: सुरुवातीचे १२ पर्याय, स्वर ४, शेवटाचे ५. म्हणजे २४० अक्षरं. दोन अक्षरी शब्दच कागदोपत्री ५७,६०० होतात. जन्मभर पुरतील.

इथे एक मत मांडूनच टाकते. दुष्ट जमात म्हटली की ख, घ, र्र, आणि सज्जन जमात म्हटली की ल, म, य, हा प्रकार आता पुरे. टोकदार आकृतीला टोकदार आवाजाचं आणि गोल आकृतीला गुबगुबीत आवाजाचं नाव माणसं देतात हे खरं आहे. वोल्फगांग क्योलर या मानसशास्त्रज्ञानं १९२९ मध्येच ते दाखवलं होतं. पण ते आकृत्यांबद्दल आहे, स्वभावाबद्दल नाही. आपला ळ परक्या कानाला खडबडीत वाटतो म्हणतात. बाळ, सकाळ, कमळ, आभाळ म्हणून बघा बरं.

सक्ती कशाची?

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा.

घरात मी 'आलो' म्हणते. 'मी आत्ताच आलो', 'मी जेवलो'. माझी आई, आजी, शेजारच्या काकू, सगळ्या असंच बोलतात. कोल्हापूरकडच्या बायकांचं हे बोलणं ऐकून पुण्याच्या मैत्रिणी पहिल्यांदा दचकतात. लिहायला बसले की मात्र मी 'आले' लिहिते, जसं आत्ता लिहिते आहे. गंमत त्या दचकण्यात आहे. प्रमाण मराठीत बाईनं 'मी आले' म्हटलं की ती बाई आहे हे तिला सांगावंच लागतं, तिची इच्छा असो नसो. आमच्या घरच्या बोलीत ते सांगावं लागत नाही. इंग्रजीतही नाही.

भाषा काय सांगू शकते यात फारसा फरक नसतो, कुठल्याही भाषेत काहीही सांगता येतं. फरक असतो तो काय सांगितल्याशिवाय सुटका नाही यात. रोमन याकबसन या भाषाशास्त्रज्ञानं ही गोष्ट मांडली आणि माझ्या मते कल्पित भाषा घडवणाऱ्यानं तेवढीच भिंतीवर लिहून ठेवावी. तुमच्या जमातीला विचारा: तुम्हाला प्रत्येक वाक्यात काय सांगावंच लागतं? आणि काय सांगायची गरजच पडत नाही? उत्तर त्यांच्या जगण्यातून यायला हवं.

धुक्यात राहणाऱ्याला सगळ्यात महत्त्वाचं काय? समोरचा सांगतोय ते त्यानं पाहिलं, की नुसतं ऐकलं.

हे समजायला पठारावर जायची गरज नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे आकडे शाळकरी पोरालाही तोंडपाठ असतात. २०१९ च्या पुरानंतर तर विचारूच नका. त्या दिवसांत 'पाणी गल्लीत आलंय' आणि 'पाणी गल्लीत आलंय म्हणे' या दोन वाक्यांत घर रिकामं करायचं की नाही एवढा फरक असतो. हे 'म्हणे' म्हणजे आपल्याकडचं सांगोवांगीचं चिन्ह. पण ते ऐच्छिक आहे. फोनवर आलेली बातमी पुढे ढकलताना लोक नेमकं तेच गाळतात, आणि गल्ली रात्रभर जागी राहते.

काही भाषांत ते गाळता येत नाही. तुर्कीत स्वतः न पाहिलेल्या गोष्टीसाठी क्रियापदाला वेगळा प्रत्यय लागतो. कोलंबिया-ब्राझीलच्या सरहद्दीवरच्या तुयुका भाषेत तर पाच प्रकार आहेत: पाहिलं, इंद्रियांना जाणवलं, खुणेवरून ताडलं, कुणी सांगितलं, आणि एरवी असंच असतं म्हणून धरून चाललो.

मी धुकट्यांना तीन दिले:

ङा: डोळ्यांनी पाहिलं
ळे: कानांनी ऐकलं
सी: दुसऱ्यानं सांगितलं

वाक्याची सुरुवातच यांनी होते. न लावता वाक्य होत नाही. मूल बोलायला लागतं तेव्हा पहिला मार यासाठी खातं.

पहिल्या मसुद्यात हे तिघे ङे, ळे, के असे होते. वहीत झकास दिसत होते. मग मी आणि मैत्रीण रंकाळ्याच्या काठावर गेलो, वारा सुटलेला, तीस पावलं अंतर ठेवलं आणि एकमेकींना ओरडून वाक्यं सांगितली. तिन्ही 'ए'च ऐकू येत होते. जो शब्द जिवावरचा आहे तो सगळ्यात स्पष्ट ऐकू यायला हवा, म्हणून तिघांना तीन वेगळे स्वर दिले. तुमची भाषा जिथं बोलली जाणार आहे तशा जागी जाऊन एकदा ओरडून बघाच. फिरायला आलेले लोक बघतात, बघू द्या.

वाक्य कसं उभं राहतं

कर्ता, कर्म, क्रियापद हा मराठीचा क्रम. जगातल्या बहुतेक भाषा एकतर असा क्रम लावतात, नाहीतर इंग्रजीसारखा कर्ता, क्रियापद, कर्म. परकेपणा हवा असेल तर इथे हात घाला. मार्क ओक्रांड यांनी 'स्टार ट्रेक'मधल्या परग्रहवासीयांसाठी क्लिंगॉन भाषा बनवताना मुद्दाम कर्म, क्रियापद, कर्ता हा दुर्मीळ क्रम घेतला. तोसुद्धा ब्राझीलमधल्या हिश्कार्याना भाषेत आहेच.

माझा क्रम: साक्ष (म्हणजे ङा, ळे किंवा सी), क्रियापद, कर्ता, कर्म. धुक्यात आधी 'काय घडतंय' कळलं पाहिजे, 'कोण' नंतर.

टेन = खाणे, रिङा = गवा, हेणा = गवत.

ङा टेन रिङा हेणा. गवा गवत खातोय, मी बघतेय.
ळे टेन रिङा हेणा. गवा गवत खातोय, चघळल्याचा आवाज येतोय.
सी टेन रिङा हेणा. गवा गवत खातोय म्हणे.

विभक्तिप्रत्यय नाहीत, जागेवरूनच कर्ता-कर्म कळतं. काळही सक्तीचा नाही, लागलाच तर 'काल', 'उद्या' असा शब्द घालायचा. चिनी भाषेचं तसंच चालतं. एका बाजूला सक्ती वाढवली की दुसऱ्या बाजूला सूट द्या, नाहीतर बोलणाऱ्याची दमछाक होते.

एक गोष्ट मात्र मराठीतून उचलली. 'आम्ही सिनेमाला चाललोय' आणि 'आपण सिनेमाला चाललोय', यातल्या दुसऱ्यात ऐकणाऱ्याचं तिकीट धरलेलं असतं. इंग्रजीला हा भेद नाही. आपल्याला तो इतका सवयीचा आहे की मौल्यवान वाटत नाही. अशा गोष्टी आपल्याच बोलण्यात शोधा आणि एक पायरी पुढे न्या. धुकट्यांना तिसरा 'आपण' आहे: एकमेकांच्या हाकेच्या टप्प्यात असलेले.

लिंग असावंच का?

तो दगड, ती भिंत, ते झाड. का? आपल्यालाच सांगता येत नाही, पण चुकलं की कान उभे राहतात. नामांची अशी वाटणी करायची तर स्त्री-पुरुष हाच निकष लागत नाही. सजीव-निर्जीव, खाण्याजोगं-न खाण्याजोगं, काहीही चालतं.

धुकट्यांत दोन गट आहेत. उद्या परत गेलात तर तिथंच सापडेल ते 'बसकं': दगड, घर, झरा, थडगं. सापडेलच असं नाही ते 'फिरतं': गवा, वारा, धुकं, माणूस. गट क्रियापदावरून कळतो. तेङ म्हणजे असणे, कर्ता बसका असेल तर तेङे.

टाणी म्हणजे मूल. पाळण्यातलं मूल बसकं असतं, म्हणून आई म्हणते 'ङा तेङे टाणी'. पोरानं पहिलं पाऊल टाकलं त्या दिवशी ती 'तेङे' म्हणायचं सोडते आणि 'ङा तेङ टाणी' म्हणते. तिथून पुढे मरेपर्यंत माणूस फिरतं. पुरल्यावर पुन्हा तेङे.

हे सुचल्यावर माझ्या कादंबरीतलं एक अख्खं प्रकरण बदललं. हरवलेल्या मुलाबद्दल बोलताना आजी चुकून 'तेङे' म्हणते आणि घरात शांतता पसरते. एवढ्यासाठीच तर भाषा बनवायची. नुसतं परकं ऐकू यावं म्हणून एवढा खटाटोप परवडत नाही.

शब्द कुठून आणायचे

आता शब्द. शब्दकोश उघडून अ पासून सुरू करू नका. मी चारशे शब्दांत 'तराजू'ला शब्द दिला होता, माझ्या राक्षसांकडे बाजारच नव्हता.

जिथं जगणं दाट असतं तिथं शब्द दाट असतात. मामांबरोबर गुऱ्हाळावर एक दिवस काढा. चुलवाण, काहील, मळी, काकवी, पाक, रवा, ढेप. रस उकळताना भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी वर आणतात आणि काढून टाकतात. पाक कधी उतरवायचा ते गुळव्या नुसत्या फेसावरून ओळखतो, आणि त्या फेसाच्या एकेका अवस्थेला त्याच्याकडे शब्द असतो. शहरातल्या माणसाला हे सगळं 'गूळ'. तुमच्या जमातीचं गुऱ्हाळ कोणतं ते शोधा. पण अतिरेक नको. 'यांच्याकडे धुक्याला पन्नास शब्द आहेत' असं वाक्य लिहायचा मोह होतो. मी तीन ठेवले: ज्यातून आवाज येतो ते, ज्यात आवाज बुडतो ते, आणि सकाळी उठताना असतं ते. वाचकाला तिन्ही लक्षात राहतात.

मग नाती. आमच्याकडे सून सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणते. मामाची किंवा आत्याची मुलगी करून घ्यायची रीत त्या हाकेत जिवंत आहे. आता तसं लग्न झालेलं नसलं तरी हाक तीच राहते. तुमच्या जमातीत लग्न कसं ठरतं, मूल कोण वाढवतं, हे ठरवा. नात्यांचे शब्द आपोआप पडतील. धुकट्यांत आई, मावशी आणि आईची आई, तिघींना एकच शब्द, इङे, कारण मूल तिघींत मिळून वाढतं. जगातल्या पुष्कळ भाषांत आईच्या शब्दात म असतो, कारण बाळाला ओठ मिटून निघणारा आवाज लवकर जमतो. इथं तो रस्ताच बंद आहे.

किती शब्द लागतात? 'बाहुबली'तल्या कालकेयांसाठी मदन कार्की यांनी किलिकी बनवली तेव्हा सुमारे ७५० शब्द आणि ४० नियम केले, असं तेव्हा छापून आलं होतं. तिथं पडद्यावर बोलायचं होतं. कादंबरीला दीडशे-दोनशे पुरतात. प्रत्येक शब्दापुढे तारीख, गट आणि एक वाक्य लिहा. वही किंवा एक्सेल, काहीही. वाक्य नसलेला शब्द आठवड्यात विसरतो आणि मग त्याच अर्थाचा दुसरा बनतो.

आणि प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणून बघा. मराठीत, हिंदीत, कानडीत त्याचा भलता अर्थ निघत नाही ना? 'असणे'साठी माझा आधीचा शब्द 'हिङ' होता. ज्यानं वाचलं त्यानं फोडणीचीच चौकशी केली.

भाषेला म्हातारपण द्या

बनवलेली भाषा ओळखू येते ती तिच्या गुळगुळीतपणावरून. खऱ्या भाषेवर झिजेच्या खुणा असतात. आपल्याच पाहा: हस्त, हत्थ, हात. सप्त, सत्त, सात. कर्म, कम्म, काम. कर्ण, कण्ण, कान. एकच चाल सगळीकडे: जोडाक्षराचं दुहेरी व्यंजन झालं, मग ते एकेरी झालं आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला. ही झीज नियमानं होते. म्हणून ती उलट बाजूनं, म्हणजे जुनं रूप आधी बनवून, आपल्याला घडवता येते.

आधी जुने शब्द बनवा, मग दोन-तीन नियम ठरवून सगळ्यांना लावा. अपवाद नाही, दयामाया नाही. माझे दोन नियम: दोन स्वरांमधल्या क चा ग होतो, आणि दोन स्वरांमधल्या स चा ह.

रे = घर, किता = दगड, सा = पाणी, ङाळ = धुकं.

रे + किता: जुनं 'रेकिता', आजचं 'रेगिता', म्हणजे गुहा.
रे + सा: जुनं 'रेसा', आजचं 'रेहा', म्हणजे विहीर.
ङाळ + सा: 'ङाळसा', म्हणजे दव. इथं स च्या आधी ळ आहे, म्हणून तो टिकला.

एकच पाणी दवात 'सा' आहे आणि विहिरीत 'हा'. बोलणाऱ्या धुकट्याला विहिरीत 'पाण्याचं घर' दिसत नाही. आपल्याला तरी कुठं दिसतं? अख्खं कोल्हापूर पायताण घालतं, त्यातलं पादत्राण किती जणांच्या ध्यानात असतं?

नियमांचा क्रम लिहून ठेवा. 'दोन स्वरांमधला ह गळतो' असा तिसरा नियम मी एकदा शेवटी जोडला आणि विहिरीची 'रेआ' झाली. पुसायला अख्खा रविवार गेला.

झिजेचा आणखी एक फायदा. नियम झाल्यानंतर आलेला परका शब्द लगेच उठून दिसतो, कारण तो झिजलेला नसतो. आपल्या कामाशेजारी संस्कृतातून पुन्हा आणलेलं कर्म जसं कोरं करकरीत उभं असतं, तसंच.

शेजाऱ्यांचे शब्द

कुठलीही जमात एकटी नसते. आपण हॉस्पिटलचं इस्पितळ केलं, प्लॅटफॉर्मचा फलाट केला. परका शब्द आपल्या तोंडाच्या मापाचा करून घेतला. तुमच्या जमातीला हेच करायला लावा, व्याकरण न समजावता वाचकाला त्यांचं तोंड कळतं.

धुकटा 'कोल्हापूर' कसं म्हणेल? ओ नाही, जवळचा आ घेतला: का. ल नाही, ळ आहे. हा आहे. प नाही, त्याऐवजी क. ऊ नाही, त्याऐवजी ई. शेवटी र चालत नाही, म्हणून रे. काळहाकीरे. दोन स्वरांमध्ये क आहे आणि त्याचा ग झालेला नाही, म्हणजे शब्द नवा आहे. आणि 'रे' म्हणजे घर! हा योग मी जुळवला नव्हता. आता पठारावरची म्हातारी माणसं छातीठोकपणे सांगतात की ते काळहाकी नावाच्या कुणा बाईचं घर आहे. सी लावून सांगतात, अर्थात.

आकडे आणि लिपी, थोडक्यात

हाताला चार बोटं असतील तर मोजणी आठावर ठेवा. चार अंकी संख्या कथेत येणारच नसेल तर पुढे जाऊ नका.

लिपीचा मोह सगळ्यांना पहिल्या दिवशी होतो. ती शेवटी करा, आणि आधी कशावर, कशानं लिहितात ते ठरवा. मोडीतले जुने कागद पाहिलेत तर दिसेल, आधी आडवी रेघ आखून घेतलेली आणि खाली अक्षरं हात न उचलता वळवत नेलेली. बोरू, कागद आणि दफ्तरातली घाई यांतून ते वळण आलं. माझे धुकटे जांभ्यावर छिन्नीनं कोरतात. जांभा भोकाभोकांचा, बारीक गोलाई त्यात टिकत नाही. म्हणून सगळ्या सरळ, खोल रेघा, अंधारात बोटानं वाचता येतील अशा.

भांडण लावून बघा

भाषा उभी राहिली की नाही हे प्रार्थनेवरून कळत नाही, भांडणावरून कळतं. दोन पात्रांत भांडण लावा.

शिवी बनवताना मराठी शिवीचं भाषांतर करू नका. त्यांना लाज कशाची वाटते ते विचारा. धुकट्यांत सगळ्यात मोठा अपमान एका अक्षराचा आहे. एकजण सांगतो, 'ङा सेळ रिङा': गवा येतोय, मी पाहिलाय. समोरचा त्याच्या तोंडावर तेच वाक्य म्हणतो, फक्त 'सी सेळ रिङा'. गवा येतोय म्हणे. मध्ये तालमीच्या पोरांना मी हे सांगितलं तर त्यांनी दोन दिवस एकमेकांना प्रत्येक गोष्टीवर 'सी' म्हणून हैराण केलं. ती बहुधा त्या भाषेला मिळालेली पहिली पावती.

कथेत वापरताना हात आखडता ठेवा. एका पानावर एक वाक्य, तेही प्रसंगातून अर्थ लागेल असं. पाठोपाठ कंसात भाषांतर देत सुटलात तर वाचक मूळ वाक्य वगळायला शिकतो. माणसांची आणि जागांची नावं मात्र सगळी त्याच साच्यातून काढा. वाचक भाषेपेक्षा नावंच जास्त वेळा वाचतो, आणि एखादा पूनम किंवा भैरव घुसला की ओठ फुटलेच म्हणून समजा.

शेवटची तपासणी अशा माणसाकडून करून घ्या ज्याला तुमचं मन राखायची गरज वाटत नाही. मी पुन्हा मामांकडे गेले. चार वाक्यं अर्थासकट वाचली, पाचवं अर्थ न सांगता. ते गप्प राहिले. सहाव्यालाही गप्प. मग मी ङा, ळे, सी समजावून सांगितले. ते बराच वेळ सुपारी कातरत होते.

"आणि विहिरीत वाकून बघितलं," ते म्हणाले, "आन् पाण्यात गवा दिसला, मागं उभा असलेला. मग काय म्हणायचं त्येंनी? गवा तर बघितला न्हाई. बघितलं ते पाणी."

वहीच्या शेवटच्या पानावर मी तो प्रश्न तारखेसह लिहून घेतला आहे. त्याच्यापुढची जागा अजून कोरी आहे.